भिकू पेंटरची पोरं

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकाही मुलाचं चित्र काढलं नाही, तो मुलं पळवणारा असला पाहिजे, असं मी एकदा पोलीसपाटलांच्या ओटीवर बसून, त्यांचाच चहा पिऊन, त्यांना पटवून दिलं होतं.

पटवून दिलं, हे महत्त्वाचं. नुसतं सांगून थांबलो असतो तर गोष्ट एवढी वाढली नसती. पण मी नवा मास्तर होतो, आणि नव्या मास्तराला कुठलीही गोष्ट सिद्ध केल्याशिवाय जेवण जात नाही.

गाव कुणकेश्वरच्या अलीकडचं, खाडीच्या काठावर. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि जो तो नव्या जिल्ह्याचं नाव घालून बोर्ड रंगवून घेत होता. मी मूळचा खारेपाटणचा. उंची बेताची, तोंड गोल, गाल भरलेले आणि मिशी अजून विचारात पडलेली. रुजू झालो त्या दिवशी शाळेच्या पायरीवर उभा होतो, तर एक पालक येऊन म्हणाले, "बाळा, नवे मास्तर इलेत म्हणतत ते खंय आसत?" तेव्हापासून मी गावात मालवणी बोलायचंच सोडलं. पुस्तकी मराठीत बोललं की माणूस थोडा उंच दिसतो, अशी माझी समजूत होती.

भिकू पेंटरचा गाळा एसटीच्या थांब्याला लागून होता. दारावर त्याचाच बोर्ड: 'भिकाजी आ'. पुढचं 'र्ट्स' कधी झालंच नाही. लोकांची कामं आधी, आपलं सावकाश, असं म्हणून त्याने तो 'आ' तसाच वासून ठेवला होता. माणूस उंच, वाळलेला, डोक्याला कायम पंचा. ब्रश पुसायला फडकं म्हणून काही नसायचं, ब्रश लुंगीला पुसायचा. त्यामुळे गावात काय चाललंय ते त्याच्या लुंगीवरून कळायचं. हिरवा पट्टा दिसला की कोणाची तरी होडी डागडुजीला ओढलीय, शेंदरी दिसला की देवळाचं काम निघालंय. रंग जमला की नाही ते तो डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचा, म्हणून त्या नखाचा रंग रोज वेगळा. आणि त्याला काहीही विचारा, कधी होईल, किती लागेल, अक्षर तिरकं का आलंय, उत्तर ठरलेलं: "रंग सुकांदे, मगे बोला."

रंग सुकल्यावर बोलण्यासारखं काही उरत नसे. काम चांगलंच झालेलं असायचं.

माझा संशय सुरू झाला तो शाळेच्या भिंतीवरून. मी हौसेने त्याला सांगितलं, की मुलं हसत हसत शाळेत येताहेत असं चित्र काढा. त्याने दरवाजा काढला, दाराबाहेर लहान लहान चपलांची रांग काढली, त्यातली एक उलटी पडलेली, आणि खुंटीला दप्तरं. मुलगा एकही नाही.

"मुलं कुठे आहेत?" मी विचारलं.

"आत," भिकू म्हणाला. "घंटा झाली मां."

मला ते तेव्हा भारी वाटलं. पण मग देवळातल्या जत्रेच्या नाटकाचा पडदा बघितला. गोकुळ रंगवलेलं. यशोदा काठी घेऊन धावतेय, मडकं फुटलंय, लोणी सांडलंय आणि लोण्यातून बारकी पावलं पडद्याच्या कडेला जाऊन नाहीशी झालीयेत. कृष्ण नाही. गावाला कौतुक. म्हातारे एकमेकांना दाखवत होते, "बघ, बघ, आत्ताच पळालो!" मी मात्र मनात नोंद केली. एकदा नसलं तर ती कल्पकता, दोनदा नसलं तर त्यात काहीतरी आहे.

तिसरा पुरावा दाऊदभाईंनी दिला. त्यांनी होडीला मुलाचं नाव दिलं होतं आणि नावाशेजारी मुलाचं चित्रही हवं होतं. भिकूने नाव असं झकास लिहिलं की वाचताना वारा लागावा, आणि शेजारी काढला पापलेट. दाऊदभाई वैतागले. म्हणाले, "अरे, माजो झिल असो दिसता?"

"दाऊदभाय, तुमचो झिल वाढतलो. होडी वाढाची नाय," भिकू म्हणाला. "चार वर्सांनी तो स्वतःच विचारीत, ह्यो बारको कोण?"

दाऊदभाई हे मला सांगताना हसत होते. मी हसलो नाही. एकाला सांगतो आत गेली, दुसरीकडे दाखवतो पळाला, तिसऱ्याला सांगतो वाढणार आहे! वर्गात गृहपाठ न आणणारा मुलगा रोज वेगळं कारण सांगतो, तेव्हा मास्तराला काय समजायचं ते समजतं.

त्यात मी त्याला रस्त्यात बघितला. समोरून शाळेची पोरं आली की हा माणूस मान खाली घालायचा. अशी खाली, की स्वतःच्या पायाची बोटं मोजतोय. पोरं ओरडायची, "भिकूतात्यानू!" तो "हां, हां" करत दगडी गडग्याच्या कडेने निघून जायचा. गावात एकालाही ते खटकत नव्हतं. ते खटकायला खारेपाटणहून मला यावं लागलं.

आता भिंतीची गोष्ट. गावातल्या आरोग्य उपकेंद्राची रस्त्याकडची भिंत मोठी, पांढरी, एसटीतून थेट दिसणारी. तिच्यावर लहान कुटुंबाचं चित्र काढायचा वरून हुकूम आला: आई, वडील, मुलगा, मुलगी आणि खाली लाल त्रिकोण. एवढी मोठी भिंत भिकूला आयुष्यात मिळाली नव्हती. तो परांचीवर चढला की जेवायला खाली उतरायचा नाही. उपकेंद्राच्या नर्सबाई त्याला वर चहा द्यायच्या. बाई इथल्याच, आवाज असा की खाडीपलीकडच्या पेशंटने हात पुढे करावा.

आई-वडील बघायला लोक थांबायला लागले. वडिलांच्या शर्टाच्या खिशाला पेन, आईच्या पदराला वारा. आणि दोघांच्या पुढ्यात, मुलांच्या जागी, दोन कुंड्या. एकीत अबोली, एकीत तगर.

जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. मी, पोलीसपाटील, नर्सबाई असे सगळे उभे. साहेब बराच वेळ बघत राहिले.

"मुलं कुठे आहेत?"

साहेबांसमोर भिकू शुद्ध बोलायचा. पंचा काढून म्हणाला, "शाळेत गेलीत, साहेब."

नर्सबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. साहेब मात्र हसले नाहीत. पुढच्या खेपेला मुलं दिसली नाहीत तर सगळ्या भिंतीला चुना मारून कणकवलीचा पेंटर आणीन, असं सांगून ते जीपमध्ये बसले. भिकू तिथेच उभा राहिला. त्याने भिंतीतल्या बाईच्या पदराकडे बघितलं. नंतर नखावरचा रंग खरवडायला लागला.

त्याच दिवसांत खाडीवर पूल होत होता. मधला खांब उभा राहीना. भरतीचं पाणी आलं की केलेलं काम खचायचं. आमच्याकडे पूल म्हटला की पुढची बातमी ठरलेली असते, आणि ती सिमेंटच्या आधी पोचते: खाडी पोर मागतेय. आया पोरांना घराबाहेर सोडेनात. माझा वर्ग अर्धा रिकामा. मी शिकलेला माणूस, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नव्हतो. फक्त संध्याकाळी पुलाच्या बाजूने फिरायला जाणं बंद केलं होतं, ते गुडघ्यासाठी.

आणि नेमका तेव्हाच भिकू पेंटर पुलाकडून यायला लागला. काखेत काहीतरी गुंडाळलेलं. किराणा दुकानात त्याने लिमलेटच्या गोळ्या घेतलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या. लग्न नाही, पोर नाही, तोंडात दात मोजके, गोळ्या कुणाला? गाळ्यामागच्या खोलीला कुलूप, ते नवीन.

मग तो दिवस. मधल्या सुट्टीत मी शाळेमागे गेलो, तर गडग्यापलीकडे भिकू उभा. अलीकडे वाडीतल्या शेवंतीचा मुलगा बाळग्या, गालात लिमलेट, अगदी पुतळ्यासारखा ताठ. भिकूने एक डोळा मिटला होता. हात लांब करून ब्रश उभा धरला होता, आणि ब्रशावरून अंगठा वर-खाली सरकवत तो बाळग्याला डोक्यापासून पायापर्यंत मापत होता. मापलं, की गडग्याच्या चिऱ्यावर कोळशाने एक रेघ. परत मापायचा. परत रेघ. तोंडाने पुटपुटत होता, "डोक्या चार वेळा… साडेचार वेळा…"

मला पूल आठवला. खांबात मावतो की नाही ते बघतोय!

पाटलांच्या ओटीवर मी सगळे पुरावे क्रमाने मांडले, फळ्यावर मांडावेत तसे. पाटील सावध माणूस. म्हणाले, "मास्तरानू, भिकू आमच्या डोळ्यांदेखत म्हातारो झालो. तुमचां म्हणणां काय, तां सरळ सांगा."

"ज्याला मुलांचं प्रेम आहे, तो चित्रकार मुलांचं चित्र काढणार नाही, असं होईल का?"

"नाय होवचां."

"ज्याच्या मनात पाप नाही, तो मुलांच्या नजरेला नजर देणार नाही, असं होईल?"

पाटलांनी कप खाली ठेवला. "गोळयो माज्या नातवाकव दिल्यान हा," ते हळूच म्हणाले, आणि उठले.

आम्ही गाळ्यावर पोचेपर्यंत मागे निम्मी वाडी होती. शेवंती सगळ्यात पुढे, बाळग्या कडेवर. एवढा मोठा बाळग्या, पण तिने त्याला कडेवरून सोडला नव्हता. पाटील म्हणाले, "भिकू, मागल्या खोलयेची चावी काड."

भिकूने आमच्या सगळ्यांकडे बघितलं. कुणाच्या तरी हातात काथ्याची दोरी होती, ती बघितली. मग म्हणाला, "रंग सुकांदे, मगे बघा."

"कसलो रंग?" मागून कोणीतरी ओरडलं. त्या क्षणी ते उत्तर भयंकर वाटलं, हे मी आजही सांगेन.

कुलूप उघडलं. खोलीत दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेली पोरं. सिमेंटच्या पिशव्यांचे कागद फाडून, त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर काढलेली. उभी पोरं, बसलेली पोरं, पाटी घेतलेली पोरं. आणि सगळी म्हातारी! चड्डी घातलेली, रिबिनी बांधलेली, पण तोंडं साठीची. एकीच्या फ्रॉकवर इतका पोक्त चेहरा होता, की तिला नमस्कार करावा. पाटील एका कागदासमोर थबकले. हातात भोवरा घेतलेला मुलगा होता.

"मेल्या, ह्यो तर माजो बापूस!"

हसू फुटलं. सगळी खोली हसायला लागली. दोरीवाला दोरी टाकून हसला. भिकूही कसंनुसं हसला, म्हणाला, "माका जमणत नाय रे ती. सायबान सांगल्यान म्हणान बघीत होतंय."

शेवंती तेवढी हसली नाही. तिने बाळग्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "सायबान सांगांदे नायतर देवान सांगांदे. माज्या झिलाक येवढो येळ तू बघीत कित्याक रवलंस? लोकाच्या पोराक असा बघतत?"

भिकूची मान खाली गेली. पायाच्या बोटांपर्यंत.

खरी शिक्षा दुसऱ्या दिवसापासून. तो रस्त्याने निघाला की पोरं "पुलवालो इलो!" ओरडत घरात. आया दारं लावून घ्यायच्या. पुढे खांब उभा राहिला, कुणालाही न मागता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आणि भिंतीवर आई-वडील तसेच, पुढ्यात कुंड्या, साहेबांची जीप कधी येईल त्याचा भरवसा नाही. बघून काढायला एक पोर मिळेना. चुन्याची पोती उपकेंद्राच्या पडवीत येऊन पडली, तेव्हा नर्सबाई थेट माझ्या वर्गात शिरल्या.

"मास्तरानू, आग तुमी लावलात, पाणी पण तुमीच घाला. चला."

"मी काय करणार?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. खालपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला नाही. "पोराएवढेच तर आसात. बसा थंय स्टुलार."

मी बसलो. आधी मुलगा म्हणून, हातात पाटी. मग नर्सबाईंनी माझ्या कानांवर दोन काळ्या रिबिनी लटकावल्या आणि मी मुलगी झालो. एसटी थांब्यावर थांबली की अख्खी एसटी खिडकीला यायची. भिकू परांचीवरून एक डोळा मिटून मला मापत होता, आणि आता त्याच्या त्या अंगठ्याखाली मी होतो. मापून घेताना कसं वाटतं ते तेव्हा कळलं. माणूस आपोआप आपलं काय चुकलं ते आठवायला लागतो.

गप्प बसणं मला जमत नाही. मी विचारलंच. "भिकूतात्या, आता खरं सांगा. का नाही काढत मुलं?"

ब्रश दातात धरलेला, त्यामुळे बोलणं फुटत फुटत आलं. "माजां नाव भिकू कित्याक, ठावक आसा? माज्या आदी झाली ती रवली नाय. म्हणान आवशीन माका देवाकडे भीक मागान घेतल्यान. दारात कोण इलो की माका पदराखाली दडवी. पावण्यान माज्याकडे बघल्यान, की तिचो जीव अर्दो." त्याने ब्रश हातात घेतला. "माका म्हणा, भिकू, लोकाच्या पोराक भरल्या डोळ्यांनी बघू नको हां. तुका बरां दिसता, पण आवशीच्या पोटात काय होता तां तुका कळाचां नाय. आणि बघल्याबिगर चितार कसो काढूचो? म्हणान सोडून दिलंय. शेवंतीचां काय चुकला नाय."

रिबिनी बांधलेल्या माणसाने अशा वेळी बोलू नये.

त्यानेच भर घातली, "आणि पोरां लय कठीण, मास्तरानू. म्हातारो बसता तसो बसता. पोर रंग सुकासर दुसऱ्यांच होता."

आता हे कारण धरून सगळी मिळून झाली सात. यातलं खरं कुठलं, हा संशय मला तेव्हाही होता.

साहेब आले. कुंड्या गेल्या होत्या. दोन मुलं आई-वडिलांच्या पुढ्यात उभी, गाल भरलेले, तोंडं गोल, डोळ्यांत आपण इथे का आलो असा भाव. साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला. "मुलं जरा… प्रौढ वाटतात."

भिकूने पंचा काढला. "आत्ताच शाळेतून आलीत, साहेब. दमलीत."

चुना पडवीतच राहिला. भिंत वाचली. मी मात्र पुरता गेलो. वर्गात हजेरी घेताना मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, भिंतीवरचो बंडू हजर!"

पुढे माझी बदली इन्सुलीकडे झाली, लग्न झालं, मुलगी झाली. मिशीही आली. काही वर्षांनी कुणकेश्वरच्या जत्रेला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून बायकोला आणि मुलीला ते गाव दाखवायला नेलं. एसटीतून उतरलो. 'भिकाजी आ' तसाच वासलेला. गाळ्यामागच्या खोलीला कुलूप होतं. उपकेंद्राकडे आलो, तर भिकू शिडीवर, लाल त्रिकोण उजळत होता. केस पांढरे, पंचा तोच.

"मास्तर? वाढलात!" म्हणत तो खाली उतरला. बायकोच्या कडेवरचं मूल दिसलं आणि मान जुन्या सवयीने खाली गेली.

बायकोला ही सगळी गोष्ट माहीत होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "बघा ना तात्या. मी आई आहे, मी सांगते. भरल्या डोळ्यांनी बघा."

त्याने मान वर केली. मुलगी त्याच्याकडे, तो मुलीकडे. दोघंही हलेनात. त्याचा उजवा हात थोडा उचलला, अंगठा वर आला, आणि तसाच परत खाली गेला. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर काळा रंग ओला होता, तो त्याने अलगद तिच्या कानामागे टेकवला.

"वाढांदे हेका," म्हणाला, "मगे बघू." आणि पाठ फिरवून शिडी चढायला लागला.

तेव्हा मला त्याची लुंगी नीट दिसली. लाल होता, काळा होता. आणि गुडघ्याच्या वर, पट्ट्यावर पट्टा, जुना आणि ताजा, सगळा गव्हाळ रंग होता. बोर्डाला गव्हाळ रंग लागत नाही. होडीला लागत नाही, देवळाला लागत नाही. तो लागतो फक्त माणसाच्या कातडीला, आणि गावात भिकूने रंगवलेलं नवं माणूस मला कुठे दिसलं नव्हतं. मला ते कुलूप आठवलं. संशय आला, चांगलाच आला. पण या खेपेला मी पाटलांकडे गेलो नाही.

इकडे बायकोचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. तिने मुलाकडे बघितलं, रिबिनीवाल्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ती इतकी हसायला लागली की मूल मला धरावं लागलं. आवाज ऐकून नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. भिंतीवर रोजच बघत होत्या.

"हसा नको गो बाय," त्या बायकोला म्हणाल्या. "इतकी वर्सां माजां निम्मां काम ह्या भिंतीनच केल्यान. ह्या मास्तराची दोन दोन तोंडां बघल्यार कोणाक गो पोर व्हयांसा वाटात?"